डोंगराची शर्यत आणि सुट्या भागांचा बाजार

व्यापाराच्या पानावर मोटारीच्या शर्यतीचे काय काम, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. ट्रॉफी कोणी उचलली याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचा एक डोंगर आहे. त्या डोंगरावर १९१६ सालापासून मोटारी चढवण्याची शर्यत होते आणि या शर्यतीच्या मागे सुट्या भागांचा एक मोठा बाजार उभा आहे. कंपनीने बनवलेले इंजिन घ्यायचे, त्यातला एखादा भाग काढून आपल्या हातचा बसवायचा आणि तो भाग कंपनीच्या भागापेक्षा सरस आहे हे चारचौघांत सिद्ध करून विकायचा, असा हा धंदा. गॅरेजच्या कोपऱ्यात एक लेथ घेऊन बसलेल्या माणसांनी तो सुरू केला. आपल्यात कारागीर पुष्कळ आहेत, म्हणून ही हकीकत सांगण्यासारखी वाटते.

मुळात ही शर्यतच एका व्यापाऱ्याने आपल्या धंद्यासाठी काढली. स्पेन्सर पेनरोज हे कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावचे बडे धनिक. खाणीत पैसा कमावला होता. त्यांनी डोंगराच्या माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता बांधून घेतला आणि वर जाणाऱ्यांकडून टोल घेऊ लागले. पायथ्याशी त्यांचे मोठे हॉटेलही होणार होते. पण रस्ता आहे हे लोकांना कळायचे कसे? त्यांनी शर्यत जाहीर केली. म्हणजे ही शर्यत त्या रस्त्याच्या दुकानावरची पाटीच म्हणायची. पहिल्या वर्षी बार्नी ओल्डफिल्डसारखा देशभर गाजलेला ड्रायव्हर उतरला होता. परंतु पहिला आला तो फारसे कोणाला ठाऊक नसलेला रिया लेंट्झ, २० मिनिटे ५५ सेकंदांत.

हवा कमी, ताकद कमी

या डोंगराची खुबी समजल्याशिवाय पुढचा व्यापार समजणार नाही. शर्यतीचा रस्ता वीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यात १५६ वळणे आहेत. सुरुवात होते समुद्रसपाटीपासून ९,३९० फुटांवर आणि शेवट १४,११५ फुटांवर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचे आहे. म्हणजे गाडी निघते तीच कळसूबाईच्या माथ्याहून चार हजार फूट वरून. बरीच वर्षे हा रस्ता खडी-मातीचा होता. २०११ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने डांबरी झाला आणि २०१२ ची शर्यत प्रथमच पूर्ण डांबरावर झाली. कित्येक ठिकाणी रस्त्याला कठडा नाही. चाक घसरले की खाली दरी.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण निम्मे काम हवेचे. हवा कमी मिळाली की जळण नीट होत नाही आणि ताकद पडते. खाली गॅरेजमध्ये तीनशे घोड्यांचे इंजिन असेल, तर वर त्यातले शंभराहून जास्त घोडे गायब. शिवाय कार्बोरेटरची पंचाईत. पेट्रोल तेवढेच येते आणि हवा कमी, म्हणून मिश्रण दाट होते, इंजिन गुदमरते. मग बारीक छिद्राचा जेट बसवावा लागतो. पण वरच्या हवेला योग्य असा जेट बसवला तर खालच्या टप्प्यात मिश्रण पातळ पडून पिस्टन तापतो. खालचा हिशेब धरला तर माथ्याजवळ गाडी धुरकटते. मधला कोणता आकडा धरायचा, हे पुस्तकात नाही. तो तजुर्बा. ज्या मिस्त्रीला तो आकडा सापडला त्याची गाडी पुढे.

आणखीही गोष्टी आहेत. उंचावर पाणी ८५-८६ अंशांवरच उकळते, म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरणारे हवे. विरळ हवेत कॉम्प्रेशन जास्त ठेवता येते. कारण दाब मुळातच कमी असल्याने इंजिन ठोके देत नाही. म्हणून पिस्टन वेगळे. सतत चढ आणि वळणे, म्हणून गिअरचे दाते वेगळे, कॅमशाफ्टची घडण वेगळी. कंपनी गाडी बनवते ती सपाट रस्त्यावर संसार घेऊन जाणाऱ्या माणसासाठी. डोंगरासाठी लागणारा प्रत्येक भाग कोणीतरी मुद्दाम घडवावा लागतो, आणि बाजार तिथेच उघडतो.

याच डोंगरावर आणखी एक मोठा प्रयोग झाला. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे इंजिनिअर सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून माथ्यावर नेले. खाली ते ३५० घोड्यांची ताकद देत असे. वर तेच इंजिन २३० वर आले. मग मॉस यांनी त्याला टर्बो जोडला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा आणि ताजी हवा दाबून आत भरणारा तो पंखा. ताकद ३५६ झाली. खाली होती त्यापेक्षाही थोडी जास्त. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक डिझेल ट्रकांत जो टर्बो असतो, त्याची ही कसोटी. पण शर्यतीच्या मोटारींत तो रुळायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लागली. चीज उत्तम असली तरी बाजार तयार व्हायला वेळ लागतो.

कॅलिफोर्नियाचे कारागीर

सुट्या भागांच्या धंद्याची खरी पेठ कोलोरॅडोत नव्हती, कॅलिफोर्नियात होती. तिथे १९३० नंतर पोरे जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वाळलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवीत. फोर्डने १९३२ साली स्वस्तातले आठ सिलिंडरचे इंजिन काढले होते आणि ते भंगारातही सहज मिळे. व्हिक एडेलब्रॉक यांचे लॉस एंजेलिसकडे दुरुस्तीचे गॅरेज होते. त्यांनी स्वतःच्या गाडीसाठी दोन कार्बोरेटर बसतील असा मॅनिफोल्ड घडवला. लोकांनी गाडी पळताना पाहिली आणि तो भाग मागू लागले. त्या मॅनिफोल्डचे शंभर नग त्यांनी करून विकले. युद्धानंतर कॅटलॉग छापला आणि दुरुस्तीचे गॅरेज कारखाना झाले.

एड इस्केन्डेरियन यांची गोष्ट याहून मजेदार. आर्मेनियन घराण्यातला मुलगा, जन्म १९२१ चा. युद्धावरून परतल्यावर त्यांना आपल्या गाडीसाठी खास कॅमशाफ्ट हवा होता. ऑर्डर दिली तर महिनोन्‌महिने माल मिळेना, कारण घासून देणारे कारागीर मोजके. दुसरा असता तर दुकानदाराशी भांडला असता. यांनी विचार केला की एवढी मागणी आहे आणि माल नाही, तर आपणच का करू नये? जुने ग्राइंडिंग मशीन विकत घेतले, त्यात फेरबदल केले आणि कॅमशाफ्ट घासायला बसले. पुढे १९६३ साली या सर्व भागवाल्यांनी आपली संघटना काढली, ‘सेमा’ नावाची, तेव्हा पहिले अध्यक्ष हेच. २०२१ मध्ये त्यांनी वयाची शंभर वर्षे पुरी केली. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे लोक, पण मालाचा दर्जा आणि सरकारी कायदे या दोन बाबतीत एका टेबलाशी बसले. आपल्याकडे एका गल्लीतले चार दुकानदार बसतील तर शपथ.

आर्डुन हेड : माल उत्तम, धंदा बुडीत

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे वळू. झोरा आर्कस-डुंटॉव्ह. जन्म १९०९ चा ब्रुसेल्सचा, आईबाप रशियन ज्यू, बालपण लेनिनग्राडला, इंजिनिअरिंगचे शिक्षण बर्लिनला. जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या तेव्हा घरादारासह जीव वाचवून ते अमेरिकेला पोहोचले. न्यूयॉर्कला भाऊ युरा याच्याबरोबर कारखाना काढला आणि युद्धकाळात लष्करी सामान बनवले. युद्ध संपले, लष्कराच्या ऑर्डरी संपल्या. आता काय बनवायचे?

फोर्डच्या त्या आठ सिलिंडरच्या इंजिनात एक मोठा दोष होता. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, खाली. जळलेला धूर ब्लॉकच्या पोटातून बाहेर काढलेला. त्यामुळे इंजिन तापे, विशेषतः ट्रकमध्ये. डुंटॉव्ह बंधूंनी ॲल्युमिनियमचे नवे सिलिंडर हेड काढले आणि व्हॉल्व्ह वर नेले. फोर्डचा जुना ब्लॉक तोच ठेवायचा आणि वरून हे हेड बसवायचे. आपल्या आडनावाचे तुकडे जोडून नाव ठेवले ‘आर्डुन’. ताकद भरपूर वाढली. आजही जुन्या मोटारींचे शौकीन या हेडचे नाव अदबीने घेतात.

तरीही धंदा चालला नाही. ट्रकवाल्याला तापणारे इंजिन चालत होते, महाग हेड परवडत नव्हते. शर्यतीच्या पोरांना ते हवे होते, पण त्यांच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. एडेलब्रॉकचा मॅनिफोल्ड चार बोल्ट उघडून बसे. हे हेड बसवायचे म्हणजे अर्धे इंजिन उघडायचे. वरून आणखी एक संकट आले. १९४९ च्या मोसमात ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅक यांनी वर व्हॉल्व्ह असलेली आठ सिलिंडरची इंजिने कारखान्यातूनच काढली. आर्डुन जे जोडून देत होते ते आता गिऱ्हाइकाला तयार मिळू लागले. दुसऱ्याच्या मशीनला लागणारा भाग बनवणाऱ्याच्या मानेवर ही तलवार कायम असते. मूळ मशीन बदलले की तुमचा साचा भंगारात. आम्हा कापडवाल्यांत शटल लूमचे भाग बनवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

डुंटॉव्ह इंग्लंडला गेले, सिडनी ॲलार्ड यांच्याकडे. ॲलार्ड मोटारी बनवीत, त्यांत आर्डुन हेडही वापरत, आणि स्वतः डोंगर चढण्याच्या शर्यतींचे जबरदस्त खेळाडू होते. १९४९ ची ब्रिटनची हिल क्लाइंब चॅम्पियनशिप त्यांनी जिंकली ती युद्धातून हाती आलेले ऑस्ट्रियन स्टायर इंजिन आपल्या गाडीत बसवून. जे भंगार इतरांनी टाकले त्यातून त्यांनी अव्वल नंबर काढला.

डुंटॉव्ह अमेरिकेत परतले आणि १९५३ साली जनरल मोटर्समध्ये शेव्रोलेच्या खात्यात नोकरीला लागले. मालकाचे नोकर झाले. आपल्याकडे याला लोक पडता काळ म्हणतील. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक पत्र लिहिले, आणि व्यापारी माणसाने ते समजून घ्यावे असे आहे. त्याचा आशय असा : शर्यतीच्या शौकीन पोरांची मासिके उघडा, पान न्‌ पान फोर्डने भरलेले आहे. कारण फोर्डला लागणारे भाग गल्लोगल्ली मिळतात. ही पोरे आज जुनी फोर्ड घेतात आणि उद्या कमावती झाली की नवी फोर्डच घेतात. आपले नवे इंजिन येते आहे, ते चांगले असून भागणार नाही. त्याला लागणारे खास कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, पिस्टन आपणच तयार करून या पोरांच्या हाती पोहोचले पाहिजेत.

बुडालेल्या कारखान्यात जी फी भरली होती ती इथे कामी आली. भाग विकत घेणारा माणूस कसा विचार करतो हे त्या कंपनीत डुंटॉव्हइतके कोणाला ठाऊक असणार?

डोंगरावरची साक्ष

शेव्रोलेचे ते इंजिन १९५५ च्या गाड्यांत आले. पण शेव्रोलेची ख्याती म्हाताऱ्या माणसांची गाडी अशी होती. ती पुसायची कशी? ९ सप्टेंबर १९५५ रोजी डुंटॉव्ह १९५६ सालची, अजून बाजारात न आलेली शेव्रोले घेऊन पाइक्स पीकवर गेले. नवे रूप कोणाला दिसू नये म्हणून गाडी झाकून-रंगवून ओळखू येणार नाही अशी केली होती. स्वतः चाकावर बसले आणि १७ मिनिटे २४ सेकंदांत माथा गाठला. त्या प्रकारच्या साध्या मोटारीच्या जुन्या विक्रमापेक्षा सुमारे दोन मिनिटे कमी. कंपनीने जाहिराती केल्या. पाठोपाठ डुंटॉव्ह यांनी स्वतः आखलेला कॅमशाफ्ट कंपनीच्या भागांच्या यादीत आला आणि आजही जाणकार त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात.

पुढचे सर्वांना माहीत आहे. फोर्डवर जगणारे एडेलब्रॉक, इस्केन्डेरियन आणि त्यांच्यासारखे कितीतरी कारागीर शेव्रोलेच्या त्या छोट्या ब्लॉकचे भाग बनवू लागले. या इंजिनाची मोठी सोय म्हणजे मापे वर्षानुवर्षे फारशी बदलली नाहीत. आज केलेला साचा दहा वर्षांनीही चाले. २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्यातले दहा कोटीवे इंजिन काढले. एका मापावर किती लोकांच्या चुली पेटल्या असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

डोंगरावर मात्र राज्य होते अन्सर घराण्याचे. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की गावात हमरस्त्यावर यांचे गॅरेज. चुलता लुई अन्सर नऊ वेळा जिंकलेला. पुतण्या बॉबी १९५६ साली प्रथम जिंकला, मग १९५८ ते १९६३ सलग सहा वेळा, आणि एकूण दहा वेळा. घरच्या गॅरेजमध्ये वाढलेला माणूस, इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा. १९६८ साली त्याने १२ मिनिटांच्या आत डोंगर चढला. त्याच वर्षी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही त्याने जिंकली ती टर्बो लावलेल्या ऑफनहाउसर इंजिनावर. टर्बोने ती शर्यत जिंकल्याची ती पहिलीच वेळ. मॉस यांचा प्रयोग होऊन बरोबर पन्नास वर्षे झाली होती.

१९८० नंतर युरोपच्या कंपन्या पैशाच्या थैल्या घेऊन आल्या. चारही चाकांना ताकद देणाऱ्या टर्बो गाड्या. १९८५ मध्ये ऑडीकडून मिशेल मूतों ही फ्रेंच बाई पहिली आली. हा डोंगर जिंकणारी पहिली स्त्री. १९८७ मध्ये वॉल्टर रोर्लने ११ मिनिटांची हद्द मोडली, पुढच्या वर्षी प्यूजोच्या आरी व्हातानेनने रोर्लपेक्षा एका सेकंदाहूनही कमी फरकाने विक्रम घेतला. गॅरेजवाल्यांचे दिवस संपले असे सर्वांना वाटले.

परंतु नोबुहिरो ताजिमा नावाचा जपानी गृहस्थ होता. लोक त्याला ‘मॉन्स्टर’ म्हणतात. त्याचा धंदा सुझुकी गाड्यांना लागणारे शर्यतीचे भाग बनवून विकण्याचा. कधी त्याने एका गाडीत दोन-दोन इंजिने बसवून डोंगर चढला. २००६ ते २०११ अशी सलग सहा वर्षे पहिला नंबर त्याचाच, आणि २०११ मध्ये १० मिनिटांच्या आत जाणारा तो पहिला माणूस ठरला. वय साठच्या आसपास. गाडीचे नाव एसएक्स-फोर. याच नावाची गाडी मारुतीने आपल्याकडेही विकली होती. अर्थात नावापलीकडे दोघींत साम्य फारसे नव्हते.

आणि याच भागविक्याने दुसऱ्या वर्षी काय केले? इंजिन सोडले. २०१२ मध्ये तो विजेवर चालणारी गाडी घेऊन आला. ती वाटेतच धूर काढून बंद पडली. २०१३ मध्ये पुन्हा आला आणि ९ मिनिटे ४६ सेकंदांत चढला. आपल्याच पेट्रोलच्या विक्रमापेक्षा लवकर. त्याच वर्षी फ्रान्सच्या सेबास्तियन लोएबने पेट्रोलवर ८ मिनिटे १३ सेकंद केले. पण २०१५ मध्ये रीस मिलन विजेच्या गाडीने सर्वांत पहिला आला. २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या विजेच्या गाडीने रोमाँ द्युमाने ७ मिनिटे ५७ सेकंद घेतले. कारण साधे आहे. विजेच्या मोटारीला श्वास लागत नाही. शंभर वर्षे जेट, कॅमशाफ्ट, टर्बो यांनी ज्या विरळ हवेशी झुंज दिली ती तिच्या खिजगणतीतच नाही.

कायद्याचा फासही आवळत चालला आहे. कॅलिफोर्नियात इंजिनाचा भाग रस्त्यावरच्या गाडीसाठी विकायचा तर त्याने धूर वाढत नाही हे आधी सिद्ध करून सरकारचा नंबर घ्यावा लागतो. अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याने २०२० च्या अहवालात म्हटले होते की, दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप गाड्यांची धूर रोखणारी यंत्रे काढून टाकण्यात आली. ज्यांनी असे भाग विकले त्यांना दंड बसले. शर्यतीसाठी म्हणून विकलेला भाग रस्त्यावर निघाला तर दोष कोणाचा, यावर तिथे अजून वाद चालू आहे. आपल्याकडेही २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने म्हटले आहे की, कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत असा फेरबदल गाडीत करता येणार नाही. गॅरेजवाल्या बांधवांनी गिऱ्हाइकाच्या हौसेखातर हातोडा उचलण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चलन गाडीमालकाच्या नावे फाटते, पण तो परत येतो आपल्याच दारात.

म्हणजे डोंगरावर आता मिस्त्रीचे काम उरले नाही काय? २०२० साली महामारीमुळे शर्यत जूनऐवजी ऑगस्टमध्ये झाली, प्रेक्षकांना बंदी.  त्या वर्षी पहिला आला क्लिंट वाशोल्ट्झ, डोंगराच्या पायथ्याकडच्या वुडलँड पार्क गावचा माणूस. त्याचे वडील लेनर्ड यांनी आपापल्या गटांत अठरा वेळा हा डोंगर जिंकलेला. क्लिंटनेही आपल्या गटांत वीसहून जास्त वेळा नंबर काढला होता, पण सर्वांत पहिला तो कधी आला नव्हता. फोर्डचे इंजिन घातलेली उघड्या चाकांची गाडी, २०१३ सालची. सात वर्षांच्या त्या गाडीने त्याने ९ मिनिटे ३५ सेकंदांत माथा गाठला.